मत्सराचा त्याग : एका आरतीची शिकवण

काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा रिपू आपल्या शास्त्रांनी सांगितले आहेत. पहिले पाच साधकाच्या लवकर ध्यानी येतात. मत्सर मात्र धर्मरक्षणाचे वस्त्र पांघरून येतो, म्हणून तो ओळखू येत नाही. भागवतधर्म हा निर्मत्सर सज्जनांचा धर्म आहे, असे श्रीमद्भागवताच्या आरंभीच सांगितले आहे, ते याचसाठी.

मत्सर व असूया

दुसऱ्याचा उत्कर्ष सहन न होणे हा मत्सर आणि दुसऱ्याच्या गुणांतही दोष पाहणे ही असूया. पहिल्यातून दुसरी जन्मते. दत्तप्रभूंच्या मातेचे नावच अनसूया, म्हणजे जिच्या ठायी असूया नाही ती, हे दत्तभक्तांनी चिंतन करण्याजोगे आहे.

हे विकार केवळ संसारातच असतात असे नाही. आरतीचे तबक प्रथम कोणाच्या हाती दिले, भजनात कोणाला अभंग सांगितला, कोणाच्या कीर्तनाला अधिक गर्दी झाली, अशा लहान गोष्टींवरून देवाच्या दारीच मने दुखावतात. महू-इंदूर परिसरात मराठी मंडळी भजन-उत्सवासाठी एकत्र जमतात, तेथे आपल्यापैकी कोणालाही हा अनुभव अपरिचित नसेल.

रामेश्वरभट्टांची कथा

अशा भजनांच्या शेवटी आपण श्रीतुकाराम महाराजांची आरती भक्तिभावाने म्हणतो. तिचे कर्ते वाघोलीचे रामेश्वरभट्ट होत. एके काळी ते तुकोबांचे कट्टर विरोधक होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते.

रामेश्वरभट्ट विद्वान व कर्मनिष्ठ होते. देहूचा एक वाणी प्राकृतात वेदांचा अर्थ सांगतो आणि लोक त्याच्या पाया पडतात, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांचा आक्षेप अधिकाराचा होता. शब्द धर्माचे होते, परंतु आत जळत होता तो मत्सर. त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी निराहार बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. इकडे रामेश्वरभट्टांच्या अंगाचा असह्य दाह होऊ लागला. आळंदीस ज्ञानेश्वर माऊलींच्या चरणी अनुष्ठान करता, तुकोबांनाच शरण जावे असा दृष्टान्त त्यांना झाला. ते शरण गेले आणि दाह शमला. संतचरित्रकार महिपतींनी अठराव्या शतकात या कथा विस्ताराने लिहिल्या आहेत.

अंगाचा दाह हे मत्सराचेच रूप मानावे. ज्याचा मत्सर करावा त्याचे काही बिघडत नाही. जळतो तो आपणच. पुढे रामेश्वरभट्टांनी तुकोबांचे शिष्यत्व पत्करले आणि आरतीच्या अखेरीस स्वतःचे नाव घालून त्यांच्या चरणी मस्तक ठेवले.

केवळ सहवास पुरत नाही

याच्या उलट उदाहरण देहूच्या मंबाजींचे. ते तुकोबांच्या कीर्तनास येत असत, तरी मनात अढी होती. तुकोबांच्या म्हशीने बाग तुडवली या कारणाने त्यांनी महाराजांना काटेरी फांदीने मारले. त्या रात्री मंबाजी कीर्तनास आले नाहीत, तेव्हा तुकोबा स्वतः जाऊन त्यांचे पाय चेपू लागले, असे चरित्रात आहे. तरीही मंबाजींकडून झालेल्या जाचाची हकीकत तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवली आहे. नित्य कीर्तन ऐकूनही मत्सर राहू शकतो. कान ऐकतात, पण मस्तक नमत नाही तोवर तो जात नाही.

साधकाने काय करावे

१. एखाद्याचा दोष बोलण्यापूर्वी, हीच गोष्ट आपल्या प्रिय व्यक्तीने केली असती तर आपण बोललो असतो का, हे मनाला विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले तर तो मत्सर जाणावा.

२. पतंजलींनी पुण्यवंतांविषयी मुदिता, म्हणजे आनंद, बाळगण्यास सांगितले आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याचा एक गुण त्याच्या पाठीमागे, चारचौघांत सांगावा. आरंभी जड जाईल. पुढे ते सहज होईल.

३. त्याच्याच हाताखाली एखादी सेवा मागून घ्यावी. टाळ देणे, सतरंजी अंथरणे, प्रसाद वाटणे, कोणतीही चालेल. रामेश्वरभट्टांचा मार्ग हाच होता.

४. आपलाच कोणी मत्सर करीत असेल तर त्याची चर्चा करू नये. तो आज का आला नाही, याची मात्र चौकशी करावी.

भगवंताच्या कृपेला मर्यादा नाही. दुसऱ्यास अधिक मिळाले म्हणून आपल्या वाट्याचे कमी होत नाही. यापुढे तुकोबांची आरती म्हणताना शेवटच्या कडव्यापाशी क्षणभर थांबावे आणि ज्याच्यापुढे आपले मस्तक नमत नाही, त्याचे स्मरण करावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥