दिव्यांची माळ, आपला प्रोग्रॅम (भाग ४) : शेवटचा दिवा पिवळा का पडतो?

गेल्या आठवड्यात आपण आर्डुइनो उनोला डब्ल्यूएस२८१२बी एलईडीची पट्टी जोडून पहिला दिवा लाल केला. आता आकाशकंदिलासाठी शंभर दिवे पेटवायचे आहेत. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक आकडा बदलला की झालं. विजेचं गणित मात्र नव्याने मांडावं लागतं.

आधी रंगाचा निरोप कसा जातो ते पाहू. मला या पट्टीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते. बोर्ड सगळ्या दिव्यांचे रंग एकाच डेटा-तारेवरून ओळीने सोडतो, दर दिव्याला २४ बिट. पहिली चिप आपले २४ बिट ठेवून उरलेले पुढे पाठवते. पंगतीत आपल्या पानात वाढून घेऊन भांडं पुढे सरकवावं तसं. त्यामुळे कुठल्याच दिव्याला वेगळा पत्ता लागत नाही. एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे शंभर दिव्यांना अवघे ३ मिलिसेकंद. लाल मागितल्यावर हिरवा आला तर घाबरू नका. ही चिप हिरवा, लाल, निळा असा क्रम मानते, तोच प्रोग्रॅममध्ये लिहा.

आता वीज. एका दिव्यात तीन रंगांचे तीन एलईडी असतात आणि पूर्ण तेजावर प्रत्येकी साधारण २० मिलिअँपिअर ओढतात. पांढरा रंग म्हणजे तिन्ही एकदम, ६० मिलिअँपिअर. शंभर दिव्यांचे झाले ६ अँपिअर! संगणकाचा साधा यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. म्हणून पट्टीची वीज बोर्डाच्या पिनवरून कधीही घेऊ नका. ५ व्होल्टचा वेगळा ॲडाप्टर लावा आणि त्याचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. हा सांधा राहिला, तर दिवे वाटेल तसे लुकलुकतात आणि माणूस उगाच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

ॲडाप्टर दमदार असूनही पट्टीचं दुसरं टोक पिवळट दिसतं, कारण पट्टीतला तांब्याचा पातळ थर वाटेतच व्होल्टेज खातो. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. म्हणून निळा आधी मंदावतो आणि पांढऱ्याचा पिवळा, पुढे लालसर होतो. उपाय सोपा आहे: त्याच ॲडाप्टरच्या जाड तारा पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही जोडा.

शिवाय २५५ पैकी ८० एवढंच तेज ठेवा. वीज जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. कागदी कंदिलाला याहून जास्त उजेड शोभतही नाही. झगझगाटात कागदाचा रंगच हरवतो. पूर्ण तेजावरच्या ३० वॅटची उष्णता कागदाच्या आत कोंडून ठेवणंही बरं नाही.

पुढच्या भागात दिव्यांची लाट फिरवू. तोवर आपल्या ॲडाप्टरवर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचून ठेवा, आणि तारा जोडताना तो प्लगमधून काढलेला असू द्या.