पंडितांची शिस्त, विदर्भाचा करंडक

अकोल्याच्या आदित्य ठाकरे या तरुण वेगवान गोलंदाजाने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले, ते थेट रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात. डिसेंबर २०१७ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध झालेल्या त्या लढतीत नवख्या खेळाडूवर विश्वास टाकणाऱ्या विदर्भाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. विदर्भाने हा सामना नऊ गडी राखून जिंकला आणि १९५७-५८ पासूनची प्रतीक्षा संपली.

मुंबईचे यष्टिरक्षक-फलंदाज असलेले पंडित भारताकडून पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक संघात असल्याने त्यांना स्थिर जागा क्वचितच लाभली. पुढे ते मध्य प्रदेशकडून खेळले. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेशने बंगळूरला पहिल्या डावात आघाडी घेतली; तरीही करंडक कर्नाटकाने नेला. हातातोंडाशी आलेला घास गेला.

प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी यशाची मालिकाच रचली. मुंबईला त्यांनी २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी विजेतेपद मिळवून दिले. विदर्भाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ पाठोपाठ २०१८-१९ मध्येही करंडक राखला. जून २०२२ मध्ये त्याच बंगळूरच्या मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून नमवले, तेव्हा जुने शल्य निघाले.

पंडितांचे नाव कठोर शिस्तीशी जोडले जाते. ही शिस्त काहींना जाचकही वाटते. परंतु विदर्भाच्या यशाचे सारे श्रेय एकट्या प्रशिक्षकाला देणे न्याय्य ठरणार नाही. फैज फझलचे नेतृत्व, वसीम जाफरचा अनुभव, अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक नोंदवणारा रजनीश गुरबानी आणि संघटनेने घडवलेली तरुण पिढी हे भांडवल हाताशी होतेच. पंडितांनी त्याला जिंकण्याची सवय लावली. बलाढ्य संघासमोर दबून जाण्याची वृत्ती त्यांच्या काळात मागे पडली.

प्रशिक्षकाची खरी परीक्षा तो निघून गेल्यानंतर होते. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा प्रशिक्षकपदी विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी होते. २०२५ च्या इराणी करंडकात अकोल्याच्या अथर्व तायडेने शेष भारताविरुद्ध १४३ धावा केल्या; अमरावतीचा जितेश शर्मा २०२३ मध्येच भारतीय ट्वेंटी-२० संघात पोहोचला होता. नागपूरबाहेरच्या वऱ्हाडातील मुलांसाठी या वाटा खुल्या झाल्या आहेत. त्या खुल्या ठेवायच्या, तर बाहेरून नामांकित प्रशिक्षक आणण्याइतकेच जिल्ह्याच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकांना बळ देणेही आवश्यक आहे.