लाट घ्यावी की टिपावी?

आम्हां इंदूरकरांना पाणी ठाऊक ते सिरपूरच्या तलावाचे, फार तर यशवंत सागराचे. तेव्हा समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभ्याने घसरत येणाऱ्यांविषयी एका गाण्याच्या मास्तराने लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण माझी एक शिष्या लग्न होऊन कॅलिफोर्नियात गेली आहे. गेल्या दिवाळीत ती घरी आली, आणि एक जाडजूड चित्रसंग्रह पुढे ठेवून म्हणाली, "गुरुजी, तुम्हांला कॅमेऱ्याचा नाद आहे ना, म्हणून आणला." संग्रह होता लिरॉय ग्रॅनिस यांच्या सर्फिंगच्या छायाचित्रांचा. तेव्हापासून या गृहस्थांनी मला स्वस्थ बसू दिलेले नाही.

ग्रॅनिस १९१७ साली कॅलिफोर्नियातील हर्मोसा बीच या किनाऱ्यावरच्या गावी जन्मले. चौदाव्या वर्षी लाटांचा नाद लागला. पुढे संसार, टेलिफोन कंपनीतली नोकरी आणि सवड सापडेल तेव्हा फळी, असे चालले होते. १९५९ साली, बेचाळिशीच्या सुमारास, पोटातल्या अल्सरने त्यांना गाठले. डॉक्टर म्हणाले, मनाला विसावा देणारा एखादा छंद लावून घ्या. त्यांनी कॅमेरा घेतला, मोटारीच्या खोपटात फिल्म धुण्याची अंधारी खोली केली, आणि लाटांवर खेळणाऱ्या पोरांची चित्रे काढू लागले. वर्षभरात ती मासिकांतून झळकू लागली. १९६४ साली एका सहकाऱ्यासह त्यांनी सर्फिंगचे मासिकच सुरू केले. डॉक्टरांनी विसावा सांगितला होता. यांनी दुसरी नोकरी लावून घेतली!

आता यातली अडचण पाहा. पहाटेपासून सकाळपर्यंत वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वेळी लाट नितळ आणि उभी उठते. दुपारी वारा फिरला की पाणी विसकटते. म्हणजे फळीवाल्याची घटका तीच. आणि कॅमेरेवाल्याची? कोवळे, तिरपे ऊन तेव्हाच असते, म्हणून त्याचीही घटका तीच. चांगल्या लाटेचे दिवस थोडे, त्यात नोकरी. अशा वेळी माणसाने काखेत काय मारून निघावे?

ग्रॅनिस यांनी दोन्ही नेण्याची खटपट केली. किनाऱ्यावरून लांब भिंगाने टिपता येते, पण पाण्यात बसून दिसणारी लाट तिथून दिसत नाही. शिवाय रीळ छत्तीस चित्रांत संपते, आणि ते बदलायला दर वेळी काठावर यायचे म्हणजे लाट गेली. म्हणून त्यांनी आतून रबर लावलेली एक पेटी केली आणि ती आपल्या फळीलाच चिकटवली. पाण्यातच रीळ बदलण्याची सोय झाली. लाट कुठे उठणार आणि कुठे मोडणार, हे त्यांना अंगाने कळत होते. समेचा अंदाज नसलेल्या माणसाने तबलजीचा फोटो काढला तर हात नेहमी अधांतरी येतो, तसे यांच्या चित्रांत होत नाही. पण टिपलेली प्रत्येक लाट दुसऱ्याच्या वाट्याची असते, हे त्या पेटीने काही सुटले नाही.

(नोकरीतल्या माणसाला कॅमेऱ्याने झपाटणे आपल्या गावाला नवे नाही म्हणा. लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले, १८७४च्या सुमारास कॅमेरा हाती धरला, आणि पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार होऊन 'राजा' झाले.)

माझे सांगतो. आमचे आबा चौदाव्या वर्षी होळकर दरबारी आजोबांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागले. संस्थान १९४८ साली विलीन झाले, तेव्हा त्यांची चाकरी जेमतेम तीन वर्षांची; पण ते जन्मभर दरबारी गवईच राहिले. मी त्यांचे उतारवयातले मूल. २००४ साली रामबागेतल्या एका घरी त्यांची बैठक होती, आणि डावा तंबोरा माझ्याकडे होता. मी नुकताच कॅमेरा घेतला होता. पूरियात ते निषादावर असे काही थांबले, आणि दिव्याचा उजेड त्यांच्या कपाळावर असा काही आला, की मी तंबोरा अलगद भिंतीला टेकवला आणि पुढे सरकलो.

घरी येताना आबा रिक्षात एवढेच म्हणाले, "फोटो चांगला आला असेल."

चांगलाच आला. लोक अजून त्याची प्रत मागतात. त्यात आबांची मान किंचित डावीकडे, मागे वळलेली आहे. बघणाऱ्यांना ती तल्लीनता वाटते. ती पुन्हा जाहीर बैठकीला बसले नाहीत. त्या निषादाचे माझ्यापाशी चित्र आहे. तो मी ऐकला मात्र नाही. माझा डोळा भिंगाला लागलेला होता.

ग्रॅनिस १९७०नंतर सर्फिंगची चित्रे हळूहळू थांबवून पंख बांधून उडण्याच्या नादाला लागले, आणि २०११ साली त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. संग्रहात दुसऱ्यांच्या शेकडो लाटा आहेत. मी पाने उलटतो, आणि पेटीत छत्तिसावे चित्र संपल्यावर, नवे रीळ भरण्याआधी, त्यांनी एखादी लाट स्वतः घेतली असेल, त्या क्षणापाशी माझे मन घुटमळते.

येत्या गुरुपौर्णिमेला माझ्या वर्गाची बैठक आहे. तंबोरे दोन आणि वाजवणारी मुले तीन. तिसऱ्याच्या हाती कॅमेरा द्यायचे ठरवले होते. पण आता त्या तिघांना आळीपाळीने तंबोऱ्यावर बसवणार आहे. कॅमेरा कपाटात राहील.