शिवसागराच्या पलीकडच्या काठावर

महाबळेश्वरहून खाली उतरणारा रस्ता तापोळ्यात पाण्यापाशी येऊन थांबतो. पुढे जायचं तर लाँच, नाहीतर गाड्या वाहून नेणारा तराफा. समोर दिसतात ते कांदाटी खोऱ्याचे डोंगर, आणि त्यांच्या पाठीला सरळ तुटलेलं कोकण. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांच्या दऱ्या इथे एकाच पाण्यात बुडाल्या आहेत. कोयना धरणाच्या या जलाशयाचं नाव शिवसागर.

तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणायची पद्धत पडली आहे. ते नाव मला कधीच पटलं नाही. या मुलखाला उसन्या नावाची गरज काय? हे जावळीचं खोरं आहे. चंद्रराव मोऱ्यांच्या ताब्यातून १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतलं आणि स्वराज्याला कोकणात उतरायच्या वाटा मोकळ्या झाल्या. त्या वाटांपैकी काही आजही पायाखालच्या आहेत. चकदेवच्या कड्यावरून शिड्यांनी खेड तालुक्यात उतरणारी माणसं आजही भेटतात.

आम्ही जुने मित्र डिसेंबरात आठवडाभर राहिलो ते पलीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावर. एका शेतकरी कुटुंबानं भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं घर बांधलं आहे. भिंती दगडमातीच्या, वर कौलं, पुढे सारवलेली ओसरी. वाडीत विजेचे खांब आहेत, पण हे घर वाडीपासून लांब, पाण्याच्या बाजूला. तिथवर तार आलेली नाही. छपरावर सौरऊर्जेचं एक पॅनल, आत दोन दिवे आणि मोबाइल चार्ज करायला एक खटका. अर्थात मोबाइलला रेंज नाहीच. प्यायचं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, काळ्या नळीतून आपल्या उतारानं येणारं. स्वयंपाक आणि अंघोळीचं पाणी चुलीवर.

या काठावर दिवस कसा मोजायचा हे त्या एका पॅनलनं शिकवलं. डोंगर पाठीशी असल्यानं दुपार कलली की त्याची सावली घरावर येते. पलीकडे तापोळ्याच्या बाजूला लख्ख ऊन असतं तेव्हा इकडे संध्याकाळ सुरू झालेली असते. दिव्यांची वीज सकाळच्या उन्हातच साठवायची, लाकडं दुपारी आणून ठेवायची, भाजी उजेडात चिरायची, जेवण सातच्या आत उरकायचं. एरवी रात्री अकराला जेवणारी आम्ही माणसं तिसऱ्या दिवसापासून न सांगता हे करू लागलो. जेवणानंतर दिवे मालवून ओसरीवर बसलं की पूर्वेच्या डोंगरावर आधी कृत्तिका, मग रोहिणी, मग मृग आणि त्याच्या मागोमाग व्याध वर आलेले दिसत. गप्पा लांबत. कॉलेजच्या खोलीत अर्धवट राहिलेले वाद इतक्या वर्षांनी तिथे पुरे झाले.

घराची मालकीण, आम्ही त्यांना आक्का म्हणत होतो, रोज सकाळी नाचणीच्या भाकरी करायला यायच्या. उकळत्या पाण्यात पीठ घालून ते उलथन्यानं ढवळायचं, झाकून ठेवायचं, मग हाताला चटके बसत असतानाच मळायचं. आमच्यातल्या एकाने विचारलं, “आक्का, जरा निवू द्या की.” त्या म्हणाल्या, “निवलं की चिकटपणा जातुया भाऊ. मग थापताना कडंनं फुटती भाकरी.” भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरायचा, उलटली की निखाऱ्यांपुढे कडेवर उभी राहायची आणि तिथेच टम्म फुगायची. सोबत लसणाची चटणी आणि वालाची आमटी. या घराचं उत्पन्न म्हणजे भात, नाचणी, थोडा हिरडा आणि मुंबईहून येणारा पैसा. जावळी-पाटणच्या डोंगरातली किती पिढ्यांची माणसं मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत माथाडी म्हणून पाठीवर ओझी वाहत आली! आक्कांचे सासरे त्यांतलेच.

पाणी मात्र रोज बघत राहावं असं. पहाटे त्यावर धुक्याचा जाड थर असतो आणि ऊन चढेपर्यंत पलीकडचा काठ दिसतच नाही. काठावर टिटव्या, ढोकऱ्या, वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. आपण सरोवर म्हणतो तेव्हा मनात जे स्थिर पाणी असतं, ते हे नव्हे. लाँच बांधायच्या खुंटीपाशी आम्ही आलो त्या दिवशी पाणी टेकलेलं होतं. आठवडा संपता संपता ते तिथून दोन-तीन हात मागे गेलं होतं आणि मधे लाल चिखलाचा ओला पट्टा उघडा पडला होता. आमच्यातल्या एका मित्रानं सगळी नोकरी वीज खात्यात काढली आहे. त्या पट्ट्यावर उभं राहून तो म्हणाला, “हे पाणी आता चिपळूणच्या पुढे गेलं असेल.”

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. कोयनानगरचं १०३ मीटर उंचीचं धरण या वळणाजवळच आहे. त्यामागे पन्नासेक किलोमीटर लांब पाणी साठतं, भरलं की १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८०० कोटी लिटर. यातला मोठा हिस्सा नदीच्या वाटेनं पूर्वेला जातच नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून तो पश्चिमेला वळवला जातो आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतो. तेच पाणी पुढे कोळकेवाडीत आणखी वीज देऊन वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. पश्चिमेला वर्षाकाठी साडेसदुसष्ट टीएमसी पाणी नेता येतं, ही मर्यादा कृष्णा लवादाची. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरल्या जलाशयाच्या तळाला खालून स्फोटानं भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं गेलं. ते ‘लेक टॅपिंग’ तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं श्वास रोखून पाहिलं होतं.

संध्याकाळी मुंबई-पुण्यात दिवे लागतात, विजेची मागणी चढते आणि कोयनेची जनित्रं सुरू होतात. काठावरचा तो ओला पट्टा त्या मागणीचा माग असतो. आपल्या घरातल्या बटणाचं दुसरं टोक कुठे आहे हे इतकं उघड दाखवणारी जागा मला दुसरी माहीत नाही. यासाठी तरी प्रत्येकानं इथे एकदा राहून जावं असं मला वाटतं.

आणि आम्हाला लाँचमधून फिरवणाऱ्या तात्यांबरोबर एकदा तरी पाण्यावर हिंडावं. एका दुपारी बामणोलीच्या दिशेनं जाताना तात्यांनी मधेच इंजिन बंद केलं. चहूकडे नुसतं पाणी. त्यांनी बोट खाली दाखवलं. “हितं आमचं खळं व्हतं. त्या तिकडं वरच्या अंगाला देऊळ. आंब्याचं झाड मोठं, त्याचा बुंधा उन्हाळ्यात वर येतो, तवा लाँच लांबनं घ्यायला लागती.” तात्यांचा जन्म धरण झाल्यानंतरचा. ते गाव त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. वडिलांनी होडीत बसवून बांध, पाणंद, पाणवठा असं एकेक दाखवलं ते त्यांच्या ध्यानात राहिलं, आणि त्याच माहितीवर ते आज लाँच हाकतात. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात.

या धरणानं शंभराच्या आसपास गावं उठवली. कुणी डोंगरात वर सरकलं, कुणी सोलापूर, रायगड, ठाण्याकडे गेलं. धरणाला साठ वर्षं होऊन गेली तरी जमिनीचे हक्क पूर्ण मिळाले नाहीत म्हणून कोयनेचे धरणग्रस्त श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली डॉ. भारत पाटणकरांबरोबर आंदोलनाला बसत आले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तोही याच लोकांच्या अंगावर. दीडशेहून अधिक माणसं त्यात गेली. जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतात. आता गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधणविवर घेऊन शास्त्रज्ञ इथल्या भूगर्भाचा अभ्यास करतात. घरं हलली तो दिवस या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना मात्र कुठल्याही उपकरणाशिवाय आठवतो.

वासोट्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बामणोलीहून वनखात्याचा परवाना आणि लाँच घ्यायची, कोयना अभयारण्याच्या दाट जंगलातून चढायचं. ताई तेलिणीनं बापू गोखल्यांच्या फौजेशी झुंजवलेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून घेतलेला हा किल्ला. आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मुक्कामाला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. वाटेत शेकरू दिसलं, धनेशाचा आवाज ऐकला. गव्यांच्या खुरांच्या खुणा ओढ्यापाशी ताज्या होत्या.

गेल्या काही वर्षांत या काठांवरच्या जमिनी झपाट्यानं बाहेरच्यांच्या नावावर होत आहेत. दोनशेहून अधिक गावांचा ‘नवीन महाबळेश्वर’ आराखडाही आला आहे. रस्ते, पूल, दवाखाने इथल्या माणसाला हवेतच. आजारी माणसाला लाँचमधून नेताना काय होतं हे तात्यांकडून ऐकलं की पुलाला कुणी विरोध करणार नाही. पण पाण्याखाली एकदा जमीन दिलेल्या कुटुंबानं उरलेला तुकडा विकून त्याच जागी कुणाच्या तरी रिसॉर्टचा राखणदार व्हावं, हे मला मान्य नाही. आक्कांसारख्यांची चार-दोन खोल्यांची घरं टिकली, वाढली, तर पाहुण्याचा पैसा वाडीतच राहील.

जायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि वाटा बंद होतात. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठता येते, महाबळेश्वरहून तापोळा. राहायची सोय आधीच वाडीतल्या माणसांशी बोलून ठरवावी. सोबत रोख पैसे, विजेरी, जाड पांघरूण आणि नेहमीची औषधं हवीत. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणावं, कारण काठावर टाकलेलं सगळं या पाण्यातच जातं. अंधार पडल्यावर लाँच सोडत नाहीत, तेव्हा तापोळ्याच्या धक्क्यावर दुपारी तीनच्या आत पोहोचायला हवं.