मिरर तोडण्याआधी बफर रिकामे का करायचे

रेड-१ या मांडणीत दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. हीच मिरर. चालू सर्व्हरचा बॅकअप घ्यायचा असेल, तर ठरलेल्या क्षणी त्यातली एक डिस्क वेगळी काढतात. सर्व्हर दुसऱ्या डिस्कवर चालू राहतो आणि काढलेल्या डिस्कवरून निवांतपणे बॅकअप घेता येतो. पद्धत उत्तम आहे, पण वेगळ्या काढलेल्या डिस्कवर त्या क्षणी नेमकं काय पोचलेलं होतं, हे आधी पाहायला हवं.

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो, तेव्हा मजकूर आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये जातो आणि प्रोग्रॅमला ‘लिहिलं’ असं उत्तर लगेच मिळतं. डिस्कचं काम नंतर होतं. नेहमीच्या सेटिंगनुसार हा मजकूर डिस्कवर नेणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली पानं खाली उतरवतो. म्हणजे गेल्या अर्ध्या मिनिटातलं काम फक्त मेमरीत असू शकतं. मिरर इथे मदतीला येत नाही, कारण जे मेमरीतच आहे ते दोन्हींपैकी एकाही डिस्कवर नाही.

नुसतं थोडं काम राहून गेलं असतं तर चाललं असतं. खरी अडचण क्रमाची आहे. पानं लिहिली गेली त्याच क्रमाने डिस्कवर उतरतील असं नाही. नंतरची नोंद पोचलेली आणि आधीची राहिलेली, असंही होतं. एक्सटी४ किंवा एक्सएफएसचं जर्नल फाइल सिस्टिमचा सांगाडा सावरतं, पण फाइलच्या आतला हिशेब जुळवणं त्याच्या हातात नसतं.

म्हणून वरून खाली यायचं. सुरुवात डेटाबेसपासून. मायएसक्यूएलमध्ये ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ ही आज्ञा देतात. ती ज्या सेशनमध्ये दिली ते सेशन बंद झालं की कुलूप सुटतं. स्क्रिप्टमध्ये हे फार वेळा निसटतं आणि कुठे चूक झाली ते कळतही नाही. म्हणून मिरर तुटेपर्यंत ते सेशन उघडंच ठेवायचं.

मग ‘सिंक’. याने मेमरीत साचलेला मजकूर डिस्कवर जातो. पण सिंक संपल्यावर आणि मिरर तुटण्याआधी दुसरा कुठला प्रोग्रॅम पुन्हा लिहू शकतो, म्हणून ‘एफएसफ्रीझ’ लागतं. ते उरलेलं लिहून घेतं, नवीन लेखन थांबवून ठेवतं आणि फाइल सिस्टिम सुसंगत अवस्थेत आणतं. आधी सिंक करून घेतलं की फ्रीझला फारसं काम उरत नाही आणि वापरणाऱ्यांना खोळंबा कमी जाणवतो. आता ‘एमडीएडीएम’ने डिस्क वेगळी करायची, लगेच फ्रीझ उठवायचं आणि शेवटी डेटाबेसचं कुलूप काढायचं.

रूट फाइल सिस्टिम मात्र अशी गोठवू नये. फ्रीझ उठवणारी आज्ञाच अडकून बसू शकते. डेटाचा व्हॉल्यूम वेगळा ठेवावा, आणि मधली पायरी फसली तरी फ्रीझ उठेलच अशी तजवीज स्क्रिप्टमध्ये करावी.

डिस्कच्या आतही स्वतःची कॅश असते. मिरर नुसती तोडून डिस्क मशीनमध्येच ठेवणार असाल, तर ती फारशी आड येत नाही, कारण वाचताना डिस्क कॅशमधलाही मजकूर देते. डिस्क उपसून कपाटात ठेवायची असेल, तर वीज जाण्याआधी ती कॅश कायमच्या साठवणीत उतरलीच पाहिजे. त्यासाठी साटा आणि एनव्हीएमई दोन्हींत फ्लशची आज्ञा आहे.

डेटाबेसचा डेटा एका मिररवर आणि लॉग दुसऱ्यावर असेल, तर दोन्ही एकाच थांब्यात तोडा. वेगवेगळ्या क्षणांच्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत.

काढलेली प्रत माउंट करतानाही सांभाळा. एक्सएफएसला दोन्हींचा यूयूआयडी सारखाच दिसतो, म्हणून त्याच मशीनवर ‘नोयूयूआयडी’ पर्याय द्यावा लागतो. नुसतं वाचण्यासाठी माउंट केलं तरी गरज भासल्यास जर्नल चालवलं जातं आणि प्रतीवर लेखन होतं. ते टाळायला एक्सटी४मध्ये ‘नोलोड’ आणि एक्सएफएसमध्ये ‘नोरिकव्हरी’ आहे. डिस्क परत मिररमध्ये घेताना बिटमॅपच्या आधारे फक्त सर्व्हरच्या बाजूने बदललेले भाग भरले जातात. प्रतीवर झालेलं लेखन त्या बिटमॅपला ठाऊकच नसतं. त्यामुळे तिच्यावर एक अक्षरही लिहिलं गेलं असेल, तर ती पूर्ण रीसिंक करूनच आत घ्यावी.