सारखे दिसणारे किनारपक्षी आणि सहनिरीक्षकाची साक्ष

ओहोटीच्या वेळी शिवडी अथवा ठाण्याच्या खाडीकाठी चिखलाचा पट्टा उघडा पडला, म्हणजे हिवाळ्याच्या दिवसांत त्यावर लहानमोठ्या किनारपक्ष्यांचे थवे उतरतात. दुरून पाहता ते सर्व एकाच रंगाचे भासतात: वरून करडे-तपकिरी, खालून पांढरे. त्यांतील पाणटिवळा किंवा कोरल यांसारखे मोठे पक्षी चोचीवरून चटकन ओळखू येतात. परंतु चिखल्यांच्या व टिलव्यांच्या कुळातील लहान पक्ष्यांपुढे अनुभवी निरीक्षकाचीही मती कुंठित होते. या अडचणीचे स्वरूप काय, तिचे परिणाम कोणते, आणि तिच्या निरसनात एकापेक्षा अधिक निरीक्षकांची आवश्यकता का असते, याचा विचार प्राणिशास्त्राच्या अभ्यासकास उपयुक्त ठरावा.

या पक्ष्यांच्या साधर्म्याची कारणे त्यांच्या जीवनक्रमातच आहेत. ते विणीसाठी उत्तरेकडील अथवा उंच पठारांवरील प्रदेशांत जातात व तेथे त्यांना ठळक रंगांचा पिसारा असतो. वीण आटोपल्यावर तो पिसारा झडतो, आणि आपल्या किनाऱ्यावर ते येतात तेव्हा त्यांच्या अंगावर फिकट हिवाळी पिसारा येऊ लागलेला असतो. ज्या खुणांनी जाती सहज वेगळ्या पडतात, त्याच खुणा अशा रीतीने आपल्याकडील मुक्कामात बहुतांशी लुप्त होतात. त्यात भर म्हणजे पूर्ण वाढ झालेला पक्षी, त्याच वर्षी जन्मलेले पिल्लू आणि पिसे बदलत असलेला पक्षी यांची रूपे परस्परांहून भिन्न असतात. परिणामी एकाच जातीचे दोन पक्षी वेगळे भासतात, तर दोन जातींचे पक्षी एकसारखे दिसतात.

वाळूचिखल्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. लहान वाळूचिखल्या आणि मोठा वाळूचिखल्या हे दोघेही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा घालवितात. पहिल्याची लांबी सुमारे १८ ते २१ सेंटिमीटर व दुसऱ्याची सुमारे २२ ते २५ सेंटिमीटर असते. हे दोघे शेजारी उभे असले तर फरक कळतो. परंतु उघड्या चिखलावर एकटाच पक्षी असेल, तर त्याच्या आकारमानाचा अंदाज घेण्यास कोणतेही माप नसते. म्हणून निरीक्षक प्रमाणांचा आधार घेतात. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागील कडेपर्यंतचे अंतर मनाशी धरून चोचीची लांबी त्याच्याशी ताडून पाहावयाची. लहान वाळूचिखल्याची चोच सामान्यतः या अंतरापेक्षा आखूड भरते, मोठ्याची तितकीच किंवा अधिक लांब व जाड असते. मोठ्याचे पाय लांब आणि फिकट हिरवट-पिवळसर, तर लहानाचे गडद करडे असतात. उडताना मोठ्याच्या पायांची बोटे शेपटीच्या मागे किंचित बाहेर दिसतात.

मात्र यांपैकी एकही लक्षण एकट्याने निर्णायक नाही. चिखलाने माखलेला फिकट पाय गडद दिसतो, आणि समोरून पाहिलेली चोच आखूड वाटते. शिवाय मोठ्या वाळूचिखल्याच्या पश्चिमेकडील उपजातीची चोच इतर उपजातींच्या मानाने लहान व बारीक असते, तर मध्य आशियातून येणाऱ्या लहान वाळूचिखल्यांची चोच पूर्व सैबेरियातील त्यांच्या भाईबंदांपेक्षा लांब असते. दोन्ही जातींतील व्यक्तिगत विविधता अशा प्रकारे एकमेकींच्या सीमेपर्यंत येऊन ठेपते. यास्तव ओळख एका लक्षणावर नव्हे, तर लक्षणांच्या समुच्चयावर ठरवावी लागते.

या प्रश्नास अलीकडे आणखी एक वळण मिळाले आहे. लहान वाळूचिखल्याचे दोन गट पूर्वीपासून ज्ञात होते. त्यांपैकी एक तिबेटचे पठार, लडाख व मध्य आशियातील पर्वतप्रदेशांत वीण घालणारा असून दुसरा पूर्व सैबेरियात वीण घालणारा आहे. विणीच्या पिसाऱ्यात पहिल्याचे कपाळ काळे, तर दुसऱ्याचे पांढरे असते. तथापि दोन्ही गट एकाच जातीचे मानले जात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासात असे दिसून आले की, तिबेटी गटाचे जवळचे नाते सैबेरियन गटाशी नसून मोठ्या वाळूचिखल्याशी आहे. त्यानंतर प्रमुख जागतिक पक्षिसूचींनी या दोन गटांस स्वतंत्र जाती मानले. भारताच्या किनाऱ्यावर येणारे ‘लहान’ पक्षी मुख्यतः तिबेटी जातीचे होत. म्हणजे ज्यांना डोळ्यांनी एक मानले ते दूरचे निघाले आणि ज्यांना वेगळे मानले ते निकटचे निघाले. जुन्या नोंदवह्यांत ज्यांनी केवळ नाव लिहिले, त्यांच्या नोंदी नव्या वर्गीकरणास फारशा उपयोगी पडत नाहीत. कपाळाचा रंग, चोचीचे प्रमाण, पायांची छटा असे वर्णन ज्यांनी लिहून ठेवले, त्यांच्या नोंदी आजही वाचता येतात.

अचूक ओळखीचे महत्त्व केवळ शास्त्रीय कुतूहलापुरते नाही. भारतीय उपखंडात १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना होत आली असून तिचा भार मुख्यतः हौशी निरीक्षक वाहतात. ही गणना जानेवारीत होते, म्हणजे नेमक्या त्याच वेळी जेव्हा हे पक्षी परस्परांशी सर्वाधिक सारखे दिसतात. १९७१ च्या रामसर करारानुसार एखाद्या पाणथळ जागेस आंतरराष्ट्रीय महत्त्व देण्याच्या निकषांपैकी एक असा की, तेथे एखाद्या पाणपक्ष्याच्या जातीच्या वा उपजातीच्या समष्टीपैकी १ टक्का पक्षी नियमितपणे आढळावेत. ठाण्याच्या खाडीचा समावेश रामसर यादीत २०२२ मध्ये झाला. दोन जातींची संख्या एकाच नावाखाली मोडली, तर एकीचे प्रमाण खोटे वाढते व दुसरीचे घटते. जागेच्या संरक्षणाची मागणी ज्या आकड्यांवर उभी राहते, त्या आकड्यांचा पायाच अशाने डळमळतो.

अशा वेळी सहनिरीक्षकाचे साहाय्य मोलाचे ठरते. १८७० मध्ये रॉबर्ट स्विन्हो यांनी चीनच्या किनाऱ्यावरील एका फिकट चिखल्याचे वर्णन केले होते. पुढे तो पक्षी केंटिश चिखल्याचा प्रकार मानला जाऊन त्याकडे दुर्लक्ष झाले. १९९३-९४ च्या सुमारास पीटर केनर्ली यांस सिंगापूर येथे काही विचित्र चिखले दिसले, परंतु त्यांचा उलगडा झाला नाही. २००६ मध्ये डेव्हिड बेकवेल यांनी मलेशियात तसल्याच पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. दोघांची निरीक्षणे एकत्र आली तेव्हा कोडे सुटू लागले, आणि फिलिप राउंड यांच्यासह त्यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या लेखात त्या पक्ष्याचा संबंध स्विन्हो यांच्या वर्णनाशी जोडला. एकट्याच्या वहीत जे अपवाद म्हणून पडून राहिले होते, ते दुसऱ्याच्या निरीक्षणाशी जुळताच प्रमाण ठरले. या पांढऱ्या मुखाच्या चिखल्याची केंटिश चिखल्याहून भिन्नता २०११ च्या जनुकीय अभ्यासात स्पष्ट झाली नव्हती. जनुकसंचाच्या २०१९ मधील अधिक व्यापक अभ्यासाने मात्र तिला पुष्टी दिली.

परंतु अनेकांनी पाहिले म्हणून ओळख खरी ठरते, असे मात्र नव्हे. १९८२ मध्ये शेन पार्कर यांनी ऑस्ट्रेलियातील एका किनारपक्ष्यास नवी जाती म्हणून नाव दिले व ती ‘कॉक्सचा सँडपायपर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अनेकांनी तो पक्षी पाहिला, आणि त्याची लक्षणेही बरोबर टिपली. तरीही १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणात तो कर्ल्यू सँडपायपर मादी व पेक्टोरल सँडपायपर नर यांचा संकर असल्याचे सिद्ध झाले. येथे निरीक्षण चुकले नव्हते. निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला होता.

सडपातळ चोचीच्या कोरलाची कथा याहून गंभीर आहे. हा पक्षी सैबेरियाच्या बाजूकडून भूमध्य समुद्राच्या परिसरात हिवाळ्यास येत असे. चोचीचे बारीक टोक, फिकट शेपटी आणि प्रौढ पक्ष्याच्या कुशीवरील गोलसर ठिपके ही त्याची लक्षणे होत. सामान्य कोरल व व्हिम्ब्रेल यांच्याशी त्याचा घोटाळा सहज होई. मे १९९८ मध्ये इंग्लंडातील नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यावर दिसलेला एक पक्षी या जातीचा मानला जाऊन त्याची नोंद ब्रिटनच्या पक्षिसूचीत झाली. तो पुष्कळांनी पाहिला होता. तथापि पुराव्याच्या फेरतपासणीत ओळख निःसंशय ठरत नाही असे आढळल्यावरून २०१३ मध्ये ती नोंद सूचीतून काढण्यात आली. परिणामतः या जातीची शेवटची निर्विवाद नोंद मोरोक्कोतील मर्जा झेर्गा येथील १९९५ ची ठरते. २०२५ मध्ये ही जाती अधिकृतपणे नामशेष घोषित झाली. ती केव्हापर्यंत जिवंत होती, शोध कोठे घ्यावयास हवा होता, या प्रश्नांची उत्तरे शेवटी अशाच एकेका नोंदीच्या सत्यतेवर अवलंबून असतात.

या उदाहरणांवरून सहनिरीक्षकाच्या कार्याचे खरे स्वरूप स्पष्ट होते. त्याचे काम अनुमोदन देण्याचे नसून परीक्षा घेण्याचे आहे. पहिल्या निरीक्षकाने नाव उच्चारले की दुसऱ्याच्या डोळ्यांस तेच दिसू लागते, आणि मग दहा जणांची साक्ष वस्तुतः एकाचीच साक्ष उरते. म्हणून पक्षी दिसताच नाव सांगण्यापूर्वी प्रत्येकाने चोच, पाय, पिसाऱ्याची अवस्था व चाल यांचे वर्णन स्वतंत्रपणे लिहावे, आणि मगच वह्या ताडून पाहाव्यात. छायाचित्र दाखविताना अपेक्षित उत्तर सुचवू नये. ज्याने त्या जातीचे पक्षी अन्य प्रदेशांत, अन्य ऋतूंत पाहिले आहेत, त्याचे मत विशेष मोलाचे. पण त्यानेही मताबरोबर कारणे दिली पाहिजेत, कारण मताची फेरतपासणी होऊ शकत नाही, कारणांची होते. विद्यार्थ्याने टिपलेले लक्षण अध्यापकाच्या निष्कर्षाविरुद्ध जात असेल, तर खोडले जावयाचे ते लक्षण नव्हे.

इतके करूनही काही पक्षी अनोळखीच राहतात. त्यांची नोंद ‘वाळूचिखल्या, जाती अनिश्चित’ अशी करण्यात कमीपणा नाही. अनिश्चित नोंद पुढे पुराव्याच्या बळावर निश्चित होऊ शकते. खोट्या निश्चितीने लिहिलेले नाव मात्र वर्णनाच्या अभावी कधीच दुरुस्त करता येत नाही, आणि गणनेच्या आकड्यांत ते खऱ्या नावांच्या बरोबरीने मोजले जात राहते.