पुढच्या आठवड्यात जा ना! चिनी कुटुंबं सगळी एकदमच का फिरायला निघतात?

लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

ऑक्टोबर आला की चीनच्या भिंतीचे ते फोटो आपल्या फोनवर येतातच. भिंत दिसतच नाही, नुसती डोकी. आजी, आई, बाबांच्या खांद्यावर पोरगं. भिंतीचा बीजिंगजवळचा प्रसिद्ध भाग म्हणजे बादालिंग. तिथे २०१९ पासून दिवसाला ६५,००० माणसांची मर्यादा आहे, तिकीटही आधी बुक करावं लागतं. तरीही झुंबड. मला कायम वाटायचं, अरे, एवढी गर्दी माहीत असताना जाता कशाला? पुढच्या आठवड्यात जा ना!

पण पुढचा आठवडा त्यांच्याकडे नसतोच.

भरपगारी रजेचा तिथला नियम २००८ पासूनचा. नोकरीची १० वर्षं पूर्ण होईपर्यंत वर्षाला ५ दिवस रजा. मग १०, आणि २० वर्षांनंतर कुठे १५. म्हणजे मूल लहान असतं, फिरायचं वय असतं, तेव्हाच रजा सगळ्यात कमी. त्यात नवऱ्याची रजा, बायकोची रजा आणि शाळा हे तिन्ही जुळायला हवं. मग उरते सरकारी सुट्टी. ती सगळ्या देशाला एकाच वेळी मिळते.

१ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्याला जोडून आठवड्याची सुट्टी, म्हणजे 'गोल्डन वीक', १९९९ मध्ये सुरू झाली. आशियातल्या आर्थिक संकटानंतर लोकांनी बाहेर पडावं, खर्च करावा, असं सरकारला हवं होतं. पण यात गंमत आहे. ७ दिवसांपैकी खरी सुट्टी ३ दिवसांची. २ दिवस शनिवार-रविवारचे, ते तसेही आपलेच. आणि राहिलेले २ चक्क उसने! आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी कामावर येऊन ते फेडायचे. याला म्हणतात 'थ्याओश्यू'. तिथली तरुण मंडळी यावर जाम वैतागलेली असतात. मीही वैतागलो असतो.

त्यात २०१२ पासून मोठ्या सुट्ट्यांत ७ सीटपर्यंतच्या गाड्यांना एक्स्प्रेसवेवर टोल माफ. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना मिळतो तसाच. पुढे काय होतं ते वडखळला अडकलेल्यांना सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर एकत्र जेवायला बसतं. त्यासाठी माणसं हजार-हजार किलोमीटरवरून गावी येतात. आणि २०२४ मध्ये तो दिवस सरकारी सुट्टीत धरलेलाच नव्हता! कंपन्यांनी शक्यतो रजा द्यावी, एवढंच सांगितलं होतं. लक्ष्मीपूजनाला ऑफिस असल्यासारखंच की हे. शेवटी २०२५ पासून वर्षाच्या सरकारी सुट्ट्या ११ वरून १३ झाल्या. वाढलेल्या दोनांपैकी एक मे महिन्यात गेली. दुसरी त्या जेवणाच्या दिवसाला मिळाली.